होळीपर्यंत सात रोपं गेली, मग कागद-पेन्सिल घेतली

आमच्या रो-हाऊसच्या माहितीपत्रकात ‘खासगी बाग’ असे दोन शब्द होते. २०२३ च्या दिवाळीत पुण्यातल्या धायरीला राहायला आलो तेव्हा ती बाग म्हणजे घरासमोरचा २४ बाय १४ फुटांचा मुरूम टाकून दाबलेला तुकडा, आग्नेय कोपऱ्यात आमच्या आधीपासून उभा असलेला गुलमोहर आणि घराच्या उत्तर अंगाला सहा फुटांची बोळ, एवढंच होतं. त्याआधीची २२ वर्षं मी दुसऱ्या मजल्यावर एक तुळस आणि चार कुंड्या सांभाळण्यात काढलेली. जमिनीत झाड लावायचा अनुभव शून्य. पण हिशोबाची वही ठेवायची सवय जुनी आहे, म्हणून तारखा आणि खर्च लिहीत गेले. नव्या घरासमोर असाच मुरूम बघत उभं असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून त्या वहीवरून हे उतरवतेय.

सुरुवात चुकीची झाली. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघून आले. ताटवेच्या ताटवे फुललेले. डोळ्यांत ते घेऊनच १८ फेब्रुवारीच्या रविवारी घराजवळच्या एका रोपवाटिकेत गेले आणि ११ रोपं उचलून आणली: तीन गुलाब, दोन हायड्रेंजिया, दोन अझेलिया, तीन एक्झोरा आणि एक बोगनवेल. बिल १,३४० रुपये. निवडायचा निकष एकच, ज्याला फूल ते आपलं. वाचलं होतं की झाडं लावायची ती वसंतात. ते लिहिणारा माणूस ज्या देशात राहतो तिथं वसंतात बर्फ वितळतं. आपल्याकडे वसंतात काय होतं हे मला पन्नाशीत कुणी सांगायची गरज नव्हती, पण तेव्हा सुचलं नाही खरं.

त्याच दिवशी दुपारी दोन वाजता खड्डे काढले. खड्डे कसले, मुरुमात खुरप्यानं कोरलेल्या वाट्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हायड्रेंजियाची पानं कागदासारखी झाली. मग अझेलिया गेले. गुलाबांनी थोडी झुंज दिली. २४ मार्चला होळी होती, त्या दिवशी मोजलं तर सात काड्या उरल्या होत्या. नवरा म्हणाला, “बरं झालं, होळीला सरपण झालं.” मी काही बोलले नाही. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा जास्त त्या पाण्याचं. आमच्या भागात मार्चपासून टँकर सुरू होतात आणि मी महिनाभर मेलेल्या रोपांना पाणी पाजत होते.

सासूबाई, म्हणजे आई, ८१ वर्षांच्या आहेत. त्यांचं बालपण वाईजवळच्या गावात गेलं. त्या पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, चैत्रात कुणी झाड लावतं का? चैत्रात जागा बघायची. लावायचं मृगात.” मग आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाल्या, “तू विचारलंस कुठं?”

तर तिथून खरी सुरुवात झाली. ३१ मार्चला, रविवारी, मी चुन्याची फक्की घेतली, मैदानावर आखणी करतात ती, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सहा दर तासाला सावलीची कड जमिनीवर आखत गेले. घर पूर्वाभिमुख आहे. त्यामुळं समोर सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन, मग घराचीच सावली. सकाळच्या पहिल्या तासात चार फुटी कुंपणभिंतीची सावली वाफ्याच्या जागेवर पडते, पुढं नाही. गुलमोहराची तर सावली नव्हतीच म्हणायची, नुसतं फांद्यांचं जाळं. मी वहीत लिहिलं, ‘आग्नेय कोपरा: भरपूर ऊन.’ ही दुसरी चूक, पण ती कळायला मे उजाडला.

दुसऱ्या दिवशी पाणी मुरतं का ते बघितलं. एक फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा घेऊन तो पाण्यानं भरायचा आणि किती वेळात रिकामा होतो ते पाहायचं. आमचा खड्डा रात्री भरला तर सकाळी अर्धा भरलेलाच. तळ उकरून बघितला तेव्हा सिमेंटचा थर लागला. बांधकामाच्या वेळी तिथं माल कालवत असणार. त्याखाली विटांचे तुकडे, फरश्यांचे कपचे, एक अख्खी प्लास्टिकची चप्पल. मेलेल्या सात रोपांच्या मुळांना खाली जायला जागाच नव्हती. नव्या घराच्या अंगणात काही लावण्याआधी हा एक खड्डा प्रत्येकानं घेऊन बघावा. खर्च शून्य, कळतं मात्र बरंच काही.

जगलेल्या तीन एक्झोराची पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी जास्त झालं असं एक जण म्हणाला, कमी झालं असं दुसरा. म्हणून माती तपासून घेतली. नमुना घ्यायची पद्धत साधी आहे, पण नीट करावी लागते. वरचा काडीकचरा बाजूला सारून सात-आठ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची, एकत्र कालवायची, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकचं घ्या. २ एप्रिलला नमुना प्रयोगशाळेत दिला, ३०० रुपये भरले, १५ एप्रिलला पत्रक हातात आलं. सामू, म्हणजे पीएच, ८.२, मुक्त चुना जास्त, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. काउंटरवरच्या ताईंनी पत्रकावर बोट ठेवून सांगितलं, “चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही. एक्झोरा, अनंत अशांची पानं पिवळी पडणारच.” वर आमचं बोअरचं पाणी जड. मी तिन्ही एक्झोरा काढून कुंड्यांत हलवले, कोकोपीट आणि शेणखत घालून. बोगनवेल गच्चीवर गेली. तिला कशाचंच काही वाटत नाही.

या सगळ्या गडबडीत ९ एप्रिलला गुढीपाडवा झाला. त्या दुपारी जेवणानंतर आलेखाचा कागद घेऊन बसले. एक सेंटिमीटरला एक फूट. घर, पायऱ्या, फाटक, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याच्या मीटरची पेटी, गुलमोहराचा बुंधा, सगळं टेपनं मोजून कागदावर आणलं. मग लावायच्या झुडपांची यादी काढली तर ती चौदांची झाली. जुन्या लग्नपत्रिकांचे गोल कापले, प्रत्येक झुडूप पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरेल तेवढ्या मापाचा एक गोल. जास्वंदीला पाच फूट, तगरीला छाटून ठेवली तर चार, कुंतीला तीन. ते गोल कागदावरच्या १८ बाय ३ फुटांच्या वाफ्यावर मांडले आणि चार गोलांत वाफा संपला. चौदांमधले दहा उरले हातात. रोपवाटिकेत सगळीच रोपं वीतभर पिशवीत उभी असतात, त्यामुळं पसारा लक्षात येत नाही. पत्रिकेच्या गोलांनी माझं निदान हजारभर रुपयांचं नुकसान वाचवलं, आणि पुढच्या पाच वर्षांची छाटणी.

कुठलं झुडूप घ्यायचं हा प्रश्न मला रंगांचा वाटत होता. आईंसाठी तो हाताच्या पोचेचा होता. पहाटे पूजेची फुलं त्या स्वतः काढतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात परडी. मी कागदावर तगर मागं, भिंतीला लावून ठेवली होती, उंच झाड मागं म्हणून. त्या कागदाकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे मी वाफ्यात उतरायचं?” उभं राहून हात पुढं केला तर माणूस आरामात दोन फुटांपर्यंत पोचतो. तीन फुटांच्या वाफ्यात मागची फुलं नुसती बघायची. म्हणून दोन गोष्टी बदलल्या. तगर वाफ्याच्या दोन्ही टोकांना आणली, जिथं दोन बाजूंनी हात जातो, आणि पाऊलवाट दोन फुटांची होती ती अडीच फुटांची केली. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी तगर साडेचार फुटांवर छाटायची हे तेव्हाच ठरलं.

कण्हेर मला फार हवी होती. पाणी कमी लागतं, चुनखडीची माती चालते, सिंहगडाकडे जाताना रस्त्याच्या कडेला वर्षभर फुललेली दिसते. पण तिचं पान, फूल, खोड सगळं विषारी आणि नणंदेची तीन वर्षांची नात दर शनिवारी येते, जे दिसेल ते तोंडात घालते. कण्हेर बाद. घाणेरी मला कुणी फुकट देत होतं. रानात ती कशी माजते हे बघितलेलं असल्यानं नको म्हटलं. शेवटी समोरच्या वाफ्यात मधे दोन गावठी लाल जास्वंदी, दोन्ही कडांना दोन तगरी, पुढच्या बाजूला निळा चित्रक. उत्तरेच्या बोळीत १० बाय अडीच फुटांच्या पट्टीत दोन कुंती, स्वयंपाकघराच्या दाराजवळ कढीपत्ता आणि पुढं अबोलीची ओळ. मोगरा फाटकाशी कुंड्यांत. कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात, चार फांद्या त्यांच्यासाठी सोडायच्या असं आधीच ठरवून टाकलं, म्हणजे नंतर भांडण नको.

आता गुलमोहराचं. त्याच्या जाड फांद्या छपराच्या पन्हाळीवर टेकल्या होत्या. मी सरळ झाड काढायच्याच विचारात होते. ४ एप्रिलला पालिकेच्या कार्यालयात गेले. टेबलावरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, “तोडायचंय का छाटायचंय? आधी ते ठरवा.” शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू होतो, मग झाड आपल्या अंगणात असो की रस्त्यावर. तोडायचं तर झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावून द्यावी लागतात. ते ऐकून मी खुर्चीतच विचार बदलला. छाटणीचाच अर्ज केला. झाडाचे चार बाजूंनी फोटो, मिळकतकराच्या पावतीची झेरॉक्स, सोसायटीचं पत्र, कुठल्या फांद्या ते दाखवणारं हातानं काढलेलं चित्र. झेरॉक्स, फोटो, जाणं-येणं धरून १५० रुपये. सोसायटीच्या पत्राला पाच दिवस लागले, कारण सचिव गावी गेले होते. ते पत्र आधी घेऊन मग अर्ज करा, मी उलटं केलं आणि दोन हेलपाटे घातले.

लोकसभेची निवडणूक सुरू होती. सगळा कर्मचारीवर्ग तिकडे. आम्ही बारामती मतदारसंघात मोडतो, आमचं मतदान ७ मेला झालं, पुणे शहराचं १३ ला. त्यामुळं पाहणी १७ मेला झाली. अर्जापासून ४३ दिवस. या दिवसांत मी चिडले का, तर पहिले दहा दिवस चिडले. मग लक्षात आलं की तसंही जूनपर्यंत मला काही लावायचंच नाही.

मधल्या काळात खोदाई उरकली. २७ एप्रिलपासून तीन दिवस, दोन माणसं, ९०० रुपये रोज. दीड फूट खोल खणायचं होतं. पहिल्याच दिवशी पहार पाण्याच्या पाइपवर बसली. प्लंबरचे ६०० रुपये आणि अर्धा दिवस बिनपाण्याचा. पाइप कुठून जातो ते मी कागदावर आखलं नव्हतं. मीटरची पेटी आखली होती, पण तिथून घरापर्यंतचा पाइप नाही. खोदाईआधी बांधकामाचा प्लंबर शोधून त्याला अंगणात उभा करा, तो बोटानं दाखवतो. निघालेला राडारोडा टेम्पोनं नेला, २,५०० रुपये. त्यातल्या अखंड विटा मी वाफ्यांच्या कडेसाठी बाजूला काढल्या. काम करणारे मामा म्हणाले, “ताई, लगेच माती भरू नका. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या, किडं मरतात.” पुढचा महिना अंगण खंदकासारखं दिसत होतं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, टाकी बांधताय का?

पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. गंमत म्हणून त्या दुपारी साडेबाराला बाहेर उभी राहिले आणि दोन गोष्टी दिसल्या. उत्तरेची बोळ, जी मी सावलीतली धरून चालले होते, तिथं लख्ख ऊन होतं. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे त्या पट्टीला ऐन उन्हाळ्यात ऊन. आणि डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका खाली उतरतो की दुपारी बारालाही घराची सावली जवळजवळ घराच्या उंचीइतकी लांब पडते, सहा फुटांची बोळ त्यात बुडून जाते. मार्चच्या एका रविवारच्या फक्कीवर विसंबून मी वर्षाचा निकाल लावला होता. कुंती आणि अबोली दोन्ही निभावून नेतात, त्यामुळं यादी बदलावी लागली नाही. नशीब.

दुसरी गोष्ट गुलमोहर. मार्चमधे ज्याच्या नुसत्या फांद्या होत्या तो आता गच्च हिरवा-लाल झाला होता. ‘भरपूर ऊन’ लिहिलेल्या कोपऱ्यात घोंगडीएवढी दाट सावली. शिवाय त्याची मुळं अगदी वर, खोदताना फावडं जिथं तिथं अडत होतं. त्या कोपऱ्यात तिसरा वाफा करायचा बेत होता, तो तिथंच सोडला. आता तिथं बाक आहे. गुलमोहर, पळस, पांगारा, ज्यांची पानं वसंतात झडतात, अशांच्या आसपास बाग आखत असाल तर सावली मेमधे पुन्हा मोजा.

१७ मेला पाहणीला आलेल्या साहेबांनी झाड खालून वर बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, त्या तिसऱ्या फांदीवर कावळ्याचं घरटं आहे. ती राहू द्या.” मला दीड महिन्यात ते दिसलं नव्हतं. २४ मेला परवानगीचं पत्र मिळालं, दोनच फांद्यांचं. २८ ला छाटणी झाली, २,८०० रुपये. कावळीण दिवसभर छाटणाऱ्याच्या डोक्यावरून घिरट्या घालत होती. पत्र दाखवून तिची समजूत पटणं शक्य नव्हतं.

३० मेला माती आली. माती ब्रासनं मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. माझे दोन वाफे मिळून साधारण ११९ घनफूट. पोयटा मिसळलेली एक ब्रास लाल माती ५,५०० रुपये, १२ पोती शेणखत १,४४०, दहा किलो निंबोळी पेंड ४००. शेणखत घेताना पोत्यात हात घालून बघा. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कुजलेलं नाही. मी बारापैकी तीनच पोती उघडून बघितली, पुढं त्याची किंमत मोजली. वाफे पातळीपेक्षा चार इंच वर भरले, पहिल्या पावसात माती बसते. उत्तरेची पट्टी घराच्या भिंतीला न लावता समोरच्या कुंपणाला लावली, नाहीतर घरात ओल आणि वाळवी दोन्हीला आमंत्रण.

२ जूनच्या रविवारी पहाटे सहाला निघून सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या बाजूला गेलो. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपवाटिकाच रोपवाटिका. फेब्रुवारीतली मी आणि जूनमधली मी यांत एवढाच फरक होता की या वेळी हातात यादी होती आणि नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, यादीबाहेर हात गेला तर ओढायचा. एकदाच ओढावा लागला, अनंताच्या वासापाशी, आणि तिथंही तो हरला. माहीत होतं मातीत तो टिकणार नाही, म्हणून कुंडीसाठी एकच घेतला.

तिथल्या दादांना विचारून काही शिकले. फुललेलं रोप नको, खालून दोन-तीन फांद्या फुटलेलं बुटकं रोप घ्यायचं. पिशवी उचलून तळ बघायचा, मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळली असतील तर रोप फार दिवस पिशवीत आहे. पानं उलटी करून बघायची, बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, एका रोपावरून तो सगळ्या बागेत पसरतो. मोठ्या फुलांच्या रंगीत संकरित जास्वंदींकडे मी बघत होते तेव्हा ते म्हणाले, “ताई, पूजेला आणि कायमची हवी असेल तर गावठीच न्या. ही नाजूक आहे.” आपलाच महाग माल न विकणारा माणूस भेटला की मी त्याच्याकडूनच सगळं घेते. दोन तगर १४०, दोन जास्वंद १२०, दोन कुंती १८०, कढीपत्ता ४०, पाच निळे चित्रक १७५, बारा अबोली १८०, दोन मोगरे १२०, अनंत १५०. एकूण १,१०५ रुपये.

घरी आणल्यावर लगेच लावली नाहीत. आठवडाभर गुलमोहराखाली ठेवली, इथल्या उन्हा-वाऱ्याची सवय व्हायला. ८ जूनला पुण्यात असा पाऊस कोसळला की वाफ्यांत चिखल झाला. तेव्हाच लावायला हात शिवशिवत होते, पण ओल्या मातीत पाय घातला की ती दाबून घट्ट होते. शनिवारी, १५ जूनला, ढगाळ संध्याकाळ बघून लावली. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, रोप पिशवीत होतं तेवढंच खोल. चार-पाच फुटांवर एकेक वीतभर रोप. वाफा भादरलेल्या डोक्यासारखा दिसत होता. नवरा म्हणाला, “एवढ्या खर्चात एवढंच?” आईंनी आतून एक पुडी आणली. तेरड्याचं बी, कुणाकडून तरी मागवून ठेवलेलं. “मधे मधे टाक. पावसाळाभर भरलेलं दिसेल.”

२५ जुलैच्या पावसात आमचा भाग उंचावर असल्यानं घरात पाणी आलं नाही, खाली नदीकाठच्या लोकांचे हाल झाले. बागेत दक्षिणेकडची जास्वंद चार दिवसांत पिवळी पडायला लागली. विटांची कड मी सिमेंटनं इतकी पक्की बांधली होती की वाफ्याचा हौद झाला. खालच्या बाजूच्या दोन विटा पहारीनं काढल्या, पाणी वाहून गेलं, जास्वंद वाचली. ऑगस्टमधे दोन चित्रक एका रात्रीत माना टाकून पडले. उपटले तर मुळंच नाहीत, आणि मातीत पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या. हुमणी, त्या न उघडलेल्या पोत्यांतून आलेली असणार. खुरप्यानं माती उकरून ३१ वेचल्या, साबणाच्या पाण्यात टाकल्या. हे काम मी एकटीनं केलं, बाकी घरातले त्या दिवशी फार कामात होते.

सगळा खर्च मांडला तर २१,५३५ रुपये. त्यात जूनमधली रोपं १,१०५ ची, आणि फेब्रुवारीतली, गेलेली आणि हलवलेली मिळून, १,३४० ची. बाकी सगळं माती, ती खणणं, ती भरणं आणि झाडाच्या दोन फांद्या. पैसे मोजकेच असतील तर मातीत घाला आणि रोपं छोटी घ्या, पिशवीतलं ३०० रुपयांचं उंच रोप घेण्यात काही अर्थ नाही. माझी ७० रुपयांची तगर सहा महिन्यांत कमरेला आली आहे.

१० सप्टेंबरला गौरी आल्या. त्या सकाळी मी उठून बाहेर आले तर समोरच्या वाफ्याचा मधला भाग रिकामा. गुलाबी तेरडा, जो तोवर गुडघ्याच्या वर वाढला होता, मुळासकट गायब. आईंच्या माहेरी तेरड्याच्या गौरी. लग्नानंतर आमच्याकडच्या मुखवट्यांच्या गौरी त्या साठ वर्षं बसवत आल्या. तर त्यांनी पहाटे उठून, काठी भिंतीला टेकवून, वाफ्यात उतरून तो सगळा उपटला होता आणि मुखवट्यांशेजारी त्याची एक जुडी उभी केली होती, हळदी-कुंकू लावून. वाफ्यात उतरता येत नाही म्हणून मी वाट रुंद केली होती, ती या बाईंसाठी.

मोकळ्या जागेत ऑक्टोबरमधे शेवंती लावली. आज २१ डिसेंबर, दुपारचे बारा. चुन्याची फक्की घेऊन पुन्हा बोळीत आलेय. घराची सावली कुंतीच्या डोक्यावरून कुंपणावर चढली आहे. कुंतीला अजून एकही कळी नाही. अबोली मात्र फुलली आहे, आणि तिच्यापुढं एक जण परडी घेऊन मला बाजूला व्हायला सांगतंय.